काबूलच्या पडद्यावर काय उरलं?

हवेतले आवाज : भाग ६

मागच्या भागात आपण तालिबानच्या पहिल्या राजवटीपाशी थांबलो होतो. टीव्हीला बंदी, संगीताला बंदी, आणि रेडिओवर फर्मानं नि प्रवचनं. २००१च्या अखेरीस ती राजवट कोसळली आणि २००३च्या वसंतात काबूलमध्ये ‘अरमान एफएम’ सुरू झालं. खासगी मालकीचं, जाहिरातींवर चालणारं देशातलं हे पहिलं रेडिओ केंद्र. ते काढलं साद मोहसेनी आणि त्यांच्या भावंडांनी. सोव्हिएत काळात हे कुटुंब देशाबाहेर पडून ऑस्ट्रेलियात स्थिरावलं होतं. पदरचे पैसे आणि यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेचं सव्वादोन लाख डॉलरच्या आसपासचं अनुदान, एवढ्या भांडवलावर काम सुरू झालं. अरमानवर स्त्री आणि पुरुष निवेदक एकत्र बसून गप्पा मारत, मध्येच हिंदी सिनेमातली गाणी लावत. धर्ममंडळींना गाण्यांपेक्षा त्या गप्पा जास्त खुपल्या.

२००४च्या ऑक्टोबरात दारी भाषेतली ‘टोलो’ वाहिनी आली, २००६ मध्ये पश्तोसाठी ‘लमर’, आणि २०१० मध्ये चोवीस तास बातम्या देणारी ‘टोलोन्यूज’. या सगळ्यांचा मिळून झाला मोबी समूह.

या समूहाला स्वतंत्र म्हणावं का, हा वाद पहिल्या दिवसापासून आहे. सुरुवातीला अमेरिकेचं अनुदान, २०१२ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनची भागीदारी. मग हा परक्यांचा भोंगाच नव्हे का? आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण जिथे जाहिरातींची बाजारपेठच नव्हती, तिथे बाहेरच्या पैशाशिवाय ट्रान्समीटर उभा राहिला नसता. म्हणून मी दुसरा निकष लावतो. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला नको असलेली गोष्ट ही वाहिनी दाखवते का, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

आधी निवडून आलेल्या सरकारचं उदाहरण घेऊ. एप्रिल २००७ मध्ये देशाचे महाधिवक्ता अब्दुल जब्बार साबित यांना टोलोच्या बातमीत आपलं म्हणणं विपर्यस्त दाखवलं गेल्याचा राग आला. त्यांनी थेट पोलीस पाठवले. पोलीस कार्यालयात शिरले आणि कर्मचाऱ्यांना धरून घेऊन गेले. वर्षभराने माहिती व संस्कृती खात्याने हिंदी मालिका बंद करण्याचं फर्मान काढलं. त्यातली सगळ्यात गाजलेली होती आपल्या मुंबईत तयार झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. काबूलमध्ये ती दारीत डब होऊन लागायची आणि घराघरांत नायिकेच्या ‘तुलसी’ या नावानेच ओळखली जायची. मालिकेतल्या वीरानी कुटुंबाच्या देवघरातल्या मूर्ती टोलोचे संपादक धूसर करत, उघडे खांदे आणि पोटही धूसर करत. सासूसुनेचं भांडण मात्र जसंच्या तसं राहायचं, कारण ते समजायला तिथल्या कुणालाही वेगळं काही सांगावं लागत नव्हतं. फर्मान आल्यावर काही वाहिन्यांनी माघार घेतली. कायद्याने खात्याला हा अधिकारच नाही, असं म्हणत टोलोने मालिका चालूच ठेवली.

मला टोलोवरचा ‘अफगाण स्टार’ जास्त महत्त्वाचा वाटतो. २००५ पासून सुरू झालेल्या या गाण्याच्या स्पर्धेत प्रेक्षक मोबाइलवरून एसएमएस पाठवून मत देत. पश्तून, ताजिक, हजारा, उझबेक हे एकमेकांविरुद्ध बंदुका घेऊन लढलेले समाज. इथे आपापल्या गायकासाठी मतं मागत होते आणि हरले तर पुढच्या आठवड्याची वाट पाहत होते. हेरातच्या सितारा हुसैनजादाने मंचावर नाच केला, डोक्यावरची ओढणी घसरली, आणि तिला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. २०१९ मध्ये हीच स्पर्धा पहिल्यांदा एका मुलीने जिंकली. झहरा इल्हाम तिचं नाव.

किंमत मोजली ती कर्मचाऱ्यांनी. २०१५ मध्ये तालिबानने कुंदूझ शहर काही दिवस ताब्यात घेतलं, तेव्हा मुलींच्या वसतिगृहात अत्याचार झाल्याच्या आरोपांची बातमी टोलोने दिली. तालिबानने आरोप फेटाळले आणि टोलो आपल्यासाठी ‘लष्करी लक्ष्य’ असल्याचं जाहीर केलं. २० जानेवारी २०१६च्या संध्याकाळी काम संपवून घरी निघालेल्या कर्मचाऱ्यांच्या मिनीबसवर आत्मघाती हल्लेखोराने स्फोटकांनी भरलेली गाडी घातली. टोलोचे सात जण गेले. त्यांत डबिंगला आवाज देणाऱ्या आणि ग्राफिक्स करणाऱ्या तरुणी होत्या. राजकारणाची एक ओळही ज्यांनी लिहिली नव्हती, अशी ही माणसं. सप्टेंबर २०१८ मध्ये एका स्फोटाचं वार्तांकन करताना दुसरा स्फोट झाला. त्यात टोलोन्यूजचे वार्ताहर समीम फरामर्ज आणि कॅमेरामन रमीज अहमदी मारले गेले.

१५ ऑगस्ट २०२१ला काबूल पडलं. लक्ष्य जाहीर करणारेच आता सरकार झाले. दोनच दिवसांनी टोलोन्यूजच्या स्टुडिओत बेहेश्ता अर्घंद ही तरुण निवेदिका तालिबानचे प्रतिनिधी अब्दुलहक हम्माद यांच्यासमोर बसली. मध्ये अंतर राखलेलं, डोक्यावर ओढणी, चेहरा उघडा. शहरात घरोघरी चाललेल्या झडत्यांबद्दल तिने त्यांना विचारलं. महिना संपायच्या आत तिला देश सोडावा लागला. अनुभवी पत्रकारांपैकी पुष्कळ जण त्याच काळात निघून गेले आणि वाहिनीने नवी माणसं घेतली, त्यांत मुलीही मुद्दाम घेतल्या.

संगीताचे आणि मनोरंजनाचे कार्यक्रम टोलोने हुकमाची वाट न पाहता उतरवले. यावर टीका झाली. मला तो निर्णय पटतो. बातम्या वाचवायच्या तर काय सोडायचं, हे आधीच ठरवणं भाग होतं. मे २०२२ मध्ये निवेदिकांनी चेहरा झाकावा असा आदेश आला. पहिल्या दिवशी त्या उघड्या चेहऱ्यानेच पडद्यावर आल्या. दुसऱ्या दिवशी नाइलाज झाला, तेव्हा त्यांचे पुरुष सहकारीही काळा मास्क लावून बातम्या द्यायला बसले. त्यानंतर फास आवळतच गेला. २०२४च्या नव्या कायद्याने सजीवांची चित्रं प्रसिद्ध करायलाच मनाई केली आणि एकेका प्रांतात त्याची अंमलबजावणी सुरू झाली. २०२५च्या सप्टेंबरअखेरीस तर साऱ्या देशाचं इंटरनेट दोन दिवस बंद होतं.

अशा पडद्यावर उरलेली एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अफगाणिस्तानात मुलींना सहावीपुढे शाळा नाही, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही नाही. मोबीच्या वाहिन्यांवर सातवी ते बारावीचे धडे दारी आणि पश्तोतून लागतात : गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. शाळेच्या दारावर पहारा बसवता येतो. घरातल्या टीव्हीसमोर वही घेऊन बसलेल्या मुलीला उठवायला अजून कुणी गेलेलं नाही. म्हणून मास्क लावून का होईना, ही वाहिनी चालू राहावी असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या भागात : ८ मार्च २०२१ला काबूलमध्ये सुरू झालेला, बायकांनीच चालवलेला ‘रेडिओ बेगम’.