मोतीबिंदूपलीकडचा ऱ्हास आणि प्रयोगशाळेतील पेशी

शहापूर, मुरबाडच्या गावांत वृद्धांची नजर अधू झाली की प्रथम मोतीबिंदूची शंका येते आणि ती बहुधा रास्तही असते. मात्र मोतीबिंदू हा नेत्रभिंगाचा विकार असून, दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूचा वार्धक्यजन्य ऱ्हास भिंग बदलून बरा होत नाही. या ऱ्हासात प्रकाशसंवेदी पेशींची झिजलेली टोके रोज गिळून पचवणारा रंजकपेशींचा एकपदरी थर दुर्बळ होतो आणि त्याखाली मेद व प्रथिनांचे साके, म्हणजे ड्रुसेन, साचतात. उंदराच्या डोळ्यात पीतबिंदूच नसल्याने त्याच्यावरील प्रयोग अपुरे पडतात.

शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये मानवी त्वचापेशींना मूलपेशींच्या अवस्थेत नेल्यानंतर रुग्णाच्याच त्वचेपासून किंवा रक्तापासून रंजकपेशी घडवणे शक्य झाले. गंमत अशी, की या उलट्या प्रवासात पेशींचे वय बरेचसे पुसले जाते आणि म्हातारपणाच्या रोगासाठी तरुण पेशी हाती येतात. म्हणून त्यांच्यावर सिगारेटच्या धुराचा अर्क किंवा प्रतिकारसंस्थेतील पूरक प्रथिने असलेला रक्तद्रव यांचा ताण देऊन रोगाची लक्षणे मुद्दाम उत्पन्न केली जातात. जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या चमूने २०१४ मध्ये रुग्णाच्याच पेशींपासून घडवलेल्या रंजकपेशींचा थर त्याच्या डोळ्यात बसवला. भारतात हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था व बंगळुरूची आयस्टेम कंपनी या क्षेत्रात काम करतात. रोगाच्या ओल्या प्रकारात, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात तेव्हा, डोळ्यात दिलेली इंजेक्शने आजही उपयोगी पडतात. त्यामुळे सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्यास दृष्टिपटलाची तपासणी लवकर व्हावी लागते.