सतरा नंबर कोण?

सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा: शिळफाटे दोन आहेत. एक मुंब्र्याच्या बाजूला, कल्याणच्या रस्त्यावर. दुसरा आपला, खोपोलीजवळचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. ट्रेकच्या मेसेजमध्ये नुसतं 'दुपारी तीन, शिळफाटा' लिहिलेलं असेल तर 'खोपोलीचा ना?' असं विचारून घ्या. एकट्याने येणाऱ्याने तर नक्कीच विचारावं, कारण 'अगं, तो नव्हे' म्हणायला सोबत कुणी नसतं.

अनोळखी माणसांनी मिळून घाट चढायचा, ही इथली जुनी रीत आहे. आगगाडी खोपोलीपर्यंत आली 1856 मध्ये. खंडाळा ते पुणे गाडी 1858 मध्ये सुरू झाली, पण मधला बोरघाट रुळांवर यायला 1863 उजाडलं. तोवरची पाच वर्षं मुंबईहून आलेले प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीत, तट्टावर नाहीतर पायी घाट चढायचे आणि वर खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायचे. गाडीत समोर बसलेला माणूस घाटात सोबती होऊन जात असणार.

आज यायचं तर खोपोली लोकल आहेच. कर्जत सोडलं की पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. एकेरी रूळ, मोजक्या गाड्या. रात्रीच्या ट्रेकवाल्यांची लाडकी मात्र 'शेवटची कर्जत'. डब्यात पाठीवर सॅक आणि पायात जाड तळव्याचे बूट दिसले की बिनधास्त विचारा, 'राजमाची का?' उत्तर बहुतेक वेळा 'हो' नाहीतर 'ढाक' असं येतं. नवख्या माणसाने ढाक बहिरीची घाई मात्र करू नये. तिथला कडा अनुभवी सोबतीशिवाय चढायचा नाही, यात मला तरी तडजोड मान्य नाही.

पहिल्या खेपेला कोथळीगड बघा. आंबिवलीवरून पेठ गावात चढायचं. गडाचा सुळका आतून कोरून त्यात पायऱ्या काढल्यात. अंधाऱ्या पोटातून चढत जायचं आणि एकदम उजेडात डोकं बाहेर काढायचं. चढच नको असेल तर खोपोली-पाली रस्त्यावरून आत वळून उंबरखिंड. फेब्रुवारी 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज याच अरुंद वाटेत कोंडली. खानासोबत रायबागन ही बाई सरदार होती. शरण जाण्याचा सल्ला तिनेच दिला आणि तो ऐकल्यामुळे लोक जिवंत परतले.

हॉटेलातली खोली दोघांच्या हिशेबाने विकली जाते, त्यामुळे परदेशी सहलीत एकट्याला जादा पैसे मोजावे लागतात. राजमाचीच्या उधेवाडीत हा प्रकारच नाही. ओसरीवर सतरंजी पडली की सगळे तिच्यावर ओळीने. समोर पिठलं, भाकरी, ठेचा. ताटाला ताट लागलं की ओळख करून द्यायची गरज राहत नाही.

जगातल्या गटसहलींचा इतिहास सांगताना थॉमस कुकचं नाव घेतात. त्याने 5 जुलै 1841 रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं आगगाडीने नेली, माणशी एक शिलिंग. खरं आहे. पण एकट्याने यावं आणि गटात सामावून जावं ही सोय आपल्याकडे वारीत केव्हापासूनची आहे! ज्ञानोबांच्या पालखीत रथापुढे आणि रथामागे क्रमांक लावलेल्या दिंड्या असतात. लाखोंच्या गर्दीत चुकलेल्या म्हातारीला गाव नाही विचारत, दिंडीचा नंबर विचारतात. नाव माहीत नसलं तरी हाक ठरलेली: माउली. ट्रेकमध्ये तिच्या जागी दादा आणि ताई आलेत, एवढंच.

ट्रेकमध्ये नंबरही आहे. त्याला म्हणतात 'काउंट'. शिळफाट्यावर गाडीत चढतानाच प्रत्येकाला आकडा मिळतो आणि तो घरी जाईपर्यंत आपला. पाण्याला थांबलं की काउंट, ओढा ओलांडला की काउंट. पुढे एक लीडर वाट दाखवतो, मागे एक शेवटच्या माणसाच्या मागेच चालतो, तो माणूस कितीही हळू चालला तरी. ग्रुप निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: मागे कोण असतं? दुसरा प्रश्न नोंदणीचा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. या दोन्हींची सरळ उत्तरं मिळाली की पैसे भरावेत.

राजमाचीवरून एक आठवलं. गोनीदांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी इथलीच, माचीवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याची. एकटेपणा आणि सोबत दोन्ही या डोंगराला माहीत आहेत.

मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या तोंडावर, इथे काजवे येतात. चमकत उडणारे बहुतेक नर असतात, मादीला खूण करणारे. शरीरातल्या ल्युसिफेरिनचा प्राणवायूशी संयोग होऊन हा प्रकाश पडतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. टॉर्चच्या झोतात त्यांची खूण हरवते, म्हणून झाडापाशी आलं की दिवे बंद करायचे.

मी पहिल्यांदा एकटी आले ती अशाच रात्री. कोंडिवड्याहून चढलो होतो, घामाने कुडता पाठीला चिकटलेला, आणि लीडर हळूच म्हणाला, 'टॉर्च बंद. पुढच्याच्या खांद्यावर हात.' माझा हात कुणाच्या तरी सॅकच्या पट्ट्यावर, माझ्या खांद्यावर कुणाचा तरी. समोरचं अख्खं झाड एकदम पेटलं, विझलं, पुन्हा पेटलं. कुणी बोलेना. मग अंधारातच काउंट सुरू झाला. चौदा, पंधरा, सोळा... आणि पुढे शांतता. मी झाडाकडे बघत राहिले होते. पुढची बाई मान न वळवता म्हणाली, 'सतरा आहे. माझ्या मागेच आहे.'