गुपिताचा पहिला श्रोता
स्वतःच्याच देहास इजा करून मनातील असह्य क्लेश क्षणभर शमवू पाहणारे तरुण बहुधा प्रथम डॉक्टरांकडे वा आईवडिलांकडे जात नाहीत, बोभाटा होईल, नालस्ती होईल, या धास्तीने ते आपले गुपित आधी एखाद्या समवयस्काच्याच कानी घालतात, आणि त्याने घाबरून दटावले तर (उपदेशाची हौस आपल्याकडे मुबलक!) पुढची वाट पुष्कळदा तेथेच खुंटते. अशा इजेमागे दरवेळी मरणाची इच्छा असतेच असे नाही. तथापि धोका वाढू शकतो, म्हणून ऐकणाऱ्याने जखमेवर औषधोपचाराची तजवीज करून, निवाडा न करता ऐकावे आणि विश्वासू प्रौढास सामील करून घ्यावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठीतूनही समुपदेशन मिळते.