खेळ संपवायचा कुणी?

१९७२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, सनीव्हेल गावच्या एका मद्यालयात एक नवे यंत्र बसवण्यात आले. नाणे टाकले की पडद्यावर चेंडूचा ठिपका धावू लागे आणि दोघे जण बटणे फिरवून तो परतवत. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. अटारी कंपनीचे अभियंते ॲलन अल्कॉर्न यांनी ते उघडून पाहिले, तर बिघाड कसलाच नव्हता. गल्ला नाण्यांनी इतका भरला होता की पुढचे नाणे आत जायला जागाच उरली नव्हती! त्या खेळाचे नाव 'पाँग'.

पडद्यावरचे खेळ त्याआधीही होते. १९५८ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपवर टेनिसचा खेळ मांडला होता. पण या खेळांचा मोठा धंदा होऊ शकतो, हे दाखवले त्या भरलेल्या गल्ल्याने.

नाण्याकडून कॅसेटकडे

नाण्यावर चालणारा खेळ लवकर संपण्यातच मालकाचा फायदा असे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू जसजसे मरत, तसतसे उरलेले अधिक वेगाने चाल करून येत. कारण मजेशीर होते. शत्रू कमी झाले की यंत्राचे चित्र काढण्याचे काम हलके होई आणि वेग आपोआप वाढे. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी तो तसाच राहू दिला. १९८० मध्ये 'पॅक-मॅन' आला आणि बंदूक न चालवताही खेळ रंगतो, हे सिद्ध झाले.

१९८३ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने घरच्या टीव्हीला जोडायचे 'फॅमिकॉम' आणले आणि १९८५ मध्ये त्यावर 'सुपर मारिओ' उड्या मारू लागला. नव्वदच्या दशकात या यंत्राच्या स्वस्त नकला भारतीय बाजारात आल्या. कितीतरी घरांत उन्हाळ्याची सुट्टी पिवळ्या कॅसेटवर आणि 'आता माझी पाळी' या भांडणावर गेली. पण कॅसेटचे पैसे एकदाच द्यावे लागत. मारिओने राजकन्या सोडवली की खेळ संपे. आईने टीव्ही बंद केला तरी संपे!

फुकट, पण किती महाग?

१९९७ मध्ये नोकियाच्या फोनवर 'स्नेक' आला. २००८ मध्ये ॲपलने ॲप स्टोअर सुरू केले आणि मोबाईल हेच खेळाचे दुकान झाले. पुढे अनेक खेळ फुकट मिळू लागले. पैसे मागितले जातात ते आत शिरल्यावर: नव्या पोशाखासाठी, हत्यारासाठी, नाहीतर आत काय आहे ते न सांगणाऱ्या पेटीसाठी. रोज येणाऱ्यास रोज बक्षीस. म्हणजे नाण्याची फट परत आली, फक्त ती दिसत नाही.

अशा काही पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवले. चीनने २०२१ मध्ये मुलांना ऑनलाइन खेळासाठी शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी एकच तास ठरवून दिला. भारतात २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला.

मात्र खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत गेमिंगचा विकार आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे, नुकसान दिसूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे आवश्यक मानले आहे.

पुढे काय?

डोळ्यांवर चष्मा चढवून खेळात शिरण्याची सोय झालीच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे खेळातली पात्रे आयत्या वेळी उत्तरे देऊ शकतील, खेळणाऱ्याच्या आवडीनुसार नवी जगे उभी राहतील. अशा खेळाला शेवटचा टप्पा असेलच असे नाही.

म्हणून शेवट घरातच ठरवायला हवा. पैसे देण्याचा पासवर्ड पालकांनी स्वतःकडे ठेवावा. चालू सामन्यात फोन हिसकावण्यापेक्षा 'दोन सामने, मग जेवण' असे आधीच ठरवावे. आणि अधूनमधून मुलांच्या शेजारी बसून एखादा डाव हरावाही! मूल काय खेळते आणि त्यात त्याला काय सापडते, हे तिथेच कळते. पूर्वी नाणे संपले की मुले घरी परतत. आता त्यांना हाक मारायचे काम घरच्यांचे आहे.