लाल कार्ड मिळाल्यानंतर

निलगिरीच्या आदिवासींच्या रक्तात लेहमान आणि कटबुश या संशोधकांना सिकलसेल आढळला तो १९५२ साली. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही तो सापडला आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातली नोंद छापली. म्हणजे विदर्भातला हा आजार वैद्यकाला माहीत होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात कुठल्या जमातीत वाहक किती, कुठल्या तालुक्यात रुग्ण किती, याचे कागद वाढतच गेले. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे ठळक उद्दिष्टही चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी हेच होते. तपासणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याचे रक्त तपासले त्याच्या हाती पुढे काय पडले, हा हिशेब या साऱ्या काळात कच्चाच राहिला, आणि माझ्या मते खरी त्रुटी तिथेच आहे.

गावातली तपासणी कशी होते ते पाहिले की ही त्रुटी कुठून सुरू होते ते कळते. बोटातून घेतलेले थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात मिसळतात आणि ती नळी काळ्या रेघा ओढलेल्या कागदापुढे धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर माणूस सुटला. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे. स्वस्त, झटपट आणि कुठल्याही उपकेंद्रात जमणारी ही सोल्युबिलिटी टेस्ट. मात्र वाहक कोण आणि पीडित कोण, हे ती सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीला पाठवावा लागतो, अहवाल परत यावा लागतो, मग वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड मिळते. दुसरी मर्यादा जास्त जाचक आहे. जन्मानंतरचे काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे त्या वयात या चाचणीवर विसंबता येत नाही. आणि नेमके तेच वय हातचे जाऊ देण्यासारखे नसते.

त्याचे कारण पानथरीत आहे. न्यूमोकोकससारखे कवचधारी जंतू रक्तातून गाळून काढायचे काम पानथरी करते. कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी तिच्यातल्या बारीक वाटा तुंबवतात आणि मूल लहान असतानाच तिची ही ताकद ओसरू लागते. वरवर नुसता ॲनिमिया वाटणारे मूल एका तापात, एका रात्रीत हाताबाहेर जाऊ शकते ते यामुळे. अमेरिकेत सिकलसेलच्या २१५ बालकांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज दोनदा पेनिसिलिन घेणाऱ्या १०५ मुलांपैकी दोघांना रक्तातला गंभीर जंतुसंसर्ग झाला, न घेणाऱ्या ११० पैकी तेरा जणांना झाला. फरक इतका उघड होता की प्रयोग ठरल्यापेक्षा आठ महिने आधीच आवरता घेतला गेला. जमैकात तर १९७३ पासून नवजात बाळांची तपासणी होत होती. तिथे आयांना बाळाचे पोट चाचपून पानथरी ओळखायला शिकवले गेले. ती एकाएकी वाढली तर शरीरातले रक्त तिच्यात साचून मूल दगावू शकते, म्हणून तडक दवाखाना गाठायचा. त्या शिकवण्याने मृत्यू घटले. यासाठी यंत्र लागले नाही. आईपाशी बसून शिकवणारे माणूस तेवढे लागले.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुढेही जास्त टिकते, पानथरी बरीच वर्षे मोठी राहते, तेव्हा आपला सिकलसेल सौम्य आहे आणि आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचे नियम इथे लावू नयेत. यात तथ्य आहे, पण अर्धेच. पानथरी मोठी असणे आणि ती काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय नागपूरच्या रुग्णालयांत येणाऱ्या मुलांच्या दुखण्यांचा अभ्यास झाला तेव्हा सौम्यपणाचा हा समज तिथे टिकला नाही. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली, हे चांगलेच झाले. तरी एकटी लस सगळ्या प्रकारच्या जंतूंना पुरत नाही, आणि ताप आला की थांबायचे नाही हे ती घरच्यांना सांगत नाही.

दुसरा आक्षेप हायड्रॉक्सीयुरियाचा. रक्तातल्या पेशींवर लक्ष ठेवावे लागणारे औषध दुर्गम भागात कसे द्यायचे? १९९५ पासून त्याचा गुण सिद्ध आहे, तरी ही शंका दीर्घकाळ टिकली. पण अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडात सहाशेहून अधिक मुलांना ते देऊन पाहिले गेले. २०१९ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत वेदनांचे झटके, जंतुसंसर्ग, मलेरिया आणि मृत्यूही कमी झालेले दिसले. नागपुरात किलोमागे दहा मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेतही मुलांना फायदा झाल्याचे दाखवले गेले आहे. काँगोतल्या किन्शासाला जे साधते ते धडगाव-भामरागडला साधणार नाही, असे म्हणायला आधार नाही.

राहिला सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद: दोन वाहकांनी लग्न केले नाही तर रोगच सरेल, मग उपचारांवर खर्च कशाला? दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात पीडित मूल होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते, त्यामुळे सल्ला द्यावाच. पण राष्ट्रीय मोहीम २०४७ पर्यंत निर्मूलन म्हणत असली तरी आज जन्मलेल्या लेकराला त्या सल्ल्याचा काडीचा उपयोग नाही. आणि ज्या गावात कार्डाचा रंग औषधाआधी लग्नाच्या बोलणीत पोचतो, तिथे लोक, विशेषतः मुलींचे आईबाप, तपासणीच टाळतील. देखभाल दिसली तरच तपासणीवर विश्वास बसतो; हा क्रम उलटा लावल्याने मोजणीही अपुरीच राहते.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. आपल्याकडे मात्र दहा किलोच्या मुलाला हायड्रॉक्सीयुरिया रोज शंभर मिलिग्रॅम हवे, आणि सर्रास मिळणारी कॅप्सूल पाचशेची असते. ती उघडून पाण्यात कशी विरघळवायची, किती मोजून द्यायचे, उरलेल्याचे काय करायचे, हे लाल कार्डावर लिहिलेले नसते.