घरांचा दलाल : व्यक्तिगुण आणि वाग्व्यवहार

भाषाविज्ञानाशी संबंधित पत्रिकेत घरांच्या दलालाविषयी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. अमुक व्यवसायात यश मिळण्यास कोणते गुण लागतात, हा विषय व्यवसाय-मार्गदर्शनाचा. त्यात भाषाभ्यासकाने का पडावे, असा प्रश्न ते विचारतील. त्यावर उत्तर एवढेच की, ज्या व्यवसायात विकणाराजवळ स्वतःचा असा माल नसतो, शब्द हेच ज्याचे सारे भांडवल असते, त्याचा विचार भाषेचा विचार टाळून करताच येत नाही. घर मालकाचे, पैसा गिऱ्हाइकाचा. दलालाचे असे त्यात काय असते? एकाचे म्हणणे दुसऱ्याला सांगणे, आणि ते सांगताना दोघांचाही विश्वास टिकविणे.

'दलाल' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ 'दाखविणे, वाट दाखविणे' असा आहे. हिंदी-उर्दूतील 'दलील' हा शब्द त्याच धातूचा. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने दलाल हा वाटाड्या होय. मराठीत मात्र ह्या शब्दाचा अर्थापकर्ष झाला, आणि आज कोणाला 'दलाल' म्हणणे ही जवळजवळ शिवी ठरते. म्हणूनच ह्या व्यवसायातील मंडळी दुकानाच्या पाटीवर 'इस्टेट एजंट' लिहितात, आता 'कन्सल्टंट'ही लिहितात, आणि शासकीय परिभाषा त्यांना 'अभिकर्ता' म्हणते. नाव बदलून अर्थाची घसरण थांबत नसते. नवा शब्दही काही वर्षांनी जुन्याच्याच वाटेने जातो. परंतु ही घसरण का झाली, ह्याचे कारण शोधू लागलो म्हणजे आपण प्रस्तुत विषयाशीच येऊन ठेपतो.

जुन्या मराठी बाजारपेठेतील दलालांची 'नंदभाषा' अनेकांना ऐकून ठाऊक असेल. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, अशी तिची संख्यावाचक नावे होती. गिऱ्हाईक समोर बसलेले असतानाच त्याला न कळेल अशा रीतीने भाव बोलता यावा, हा तिचा हेतू. गुरांच्या बाजारात हातावर कापड टाकून बोटांनी भाव ठरविण्याची रीतही त्याच जातीची. जो मनुष्य आपल्यासमोर आपल्याला न समजणाऱ्या भाषेत बोलतो, त्याच्याविषयी समाजाच्या मनात संशय साचत जावा, ह्यात आश्चर्य नाही.

सामान्य समजूत अशी की, दलाल बोलका असावा, हजरजबाबी असावा, पाहताक्षणी माणूस ओळखणारा असावा. ह्या समजुतीला मी विरोध करणार नाही, पण तिला फारसे महत्त्वही देणार नाही. पुण्यात भाड्याची घरे शोधण्याचे प्रसंग माझ्यावर अनेकदा आले. त्यांतील दोन प्रसंग येथे सांगतो. पहिल्या गृहस्थांनी घर दाखविताना सांगितले, "पाण्याचा काही प्रश्न नाही. टँकरची उत्तम सोय आहे." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, आणि खोटेही नव्हते. टँकर खरोखरच येत असे. मार्च ते जून रोज येत असे, आणि त्याचे पैसे दरमहा वेगळे द्यावे लागत. दुसऱ्या गृहस्थांनी वेगळ्या घराविषयी आपण होऊन सांगितले, "उन्हाळ्यात दोन महिने टँकर घ्यावा लागतो. त्याची वर्गणी धरून हिशेब करा." घर आम्ही दुसऱ्यांकडून घेतले, पुढे विभागातील तीन सहकाऱ्यांना त्यांच्याकडेच पाठविले. पहिले गृहस्थ दुसऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक गोड बोलत.

ब्रिटिश तत्त्वज्ञ ग्राइस ह्यांनी १९६७ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत संभाषणाच्या ज्या सहकार-तत्त्वाची मांडणी केली (ती १९७५ साली छापून प्रसिद्ध झाली), त्याच्या साहाय्याने वरील उदाहरणाची फोड करता येते. बोलणारा आवश्यक तेवढे, खरे आणि प्रस्तुत असेच बोलत आहे, असे ऐकणारा गृहीत धरतो. ह्या गृहीताच्या जोरावर तो न बोललेला अर्थही काढून घेतो. 'सोय' म्हटल्यावर अडचणीच्या वेळेसाठी केलेली जादा व्यवस्था, असा अर्थ आम्ही काढला, आणि तो काढला जावा अशीच वाक्याची रचना होती. खोटे न बोलता फसविणे ते हेच. कायद्याच्या पकडीत असे वाक्य क्वचितच सापडते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ह्याच्या कलम १० ने अभिकर्त्याला तोंडी, लेखी किंवा दृश्य स्वरूपात खोटे निवेदन करण्यास मनाई केली आहे. परंतु ध्वनित अर्थाचा पुरावा कोणी कसा द्यावा?

ह्यावरून पहिला गुण निघतो, तो म्हणजे गिऱ्हाइकाने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी. हा केवळ नीतीचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. अर्थशास्त्रज्ञ ॲकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात अशी माहिती ज्या बाजारात अधिक, तेथे चांगला मालही संशयापायी मागे पडतो. घराचा बाजार तसाच आहे. तेथे जो मनुष्य दोष सांगतो, त्याने सांगितलेल्या गुणांना किंमत येते.

विशेषणांचीही अशीच गोष्ट आहे. लेव्हिट व डब्नर ह्यांच्या २००५ सालच्या 'फ्रीकॉनॉमिक्स' ह्या पुस्तकात अमेरिकेतील घरविक्रीच्या जाहिरातींतील शब्दांचा मोठा उद्बोधक विचार आहे. ग्रॅनाइट, मेपलचे लाकूड अशा वस्तुवाचक शब्दांचा संबंध चढ्या किमतीशी आढळला. उलट 'प्रशस्त', 'मोहक', 'उत्तम शेजार' ह्या शब्दांचा आणि उद्गारचिन्हाचा संबंध उतरत्या किमतीशी. ज्या घराविषयी सांगण्यासारखे काही नसते, त्याला विशेषणे चिकटतात, असे वाचक जाणतो. आपल्याकडील 'हवेशीर', 'मोक्याची जागा' आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटे' ह्यांची गणती मी ह्याच वर्गात करीन. (ही पाच मिनिटे कोणाच्या चालीने, हा एक स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.)

पुढील गुण अधिक सूक्ष्म आहे, आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. मराठीत ज्ञानाचा उगम आणि त्याची खात्री दाखविण्याची साधने पुष्कळ आहेत. "नकाशा मंजूर आहे", "नकाशा मंजूर असेल", "नकाशा मंजूर असावा", "नकाशा मंजूर आहे म्हणे" ही चार वाक्ये चार निरनिराळ्या जबाबदाऱ्या पत्करतात. पहिल्यात वक्ता स्वतः हमी घेतो. दुसऱ्यात तो अंदाज करतो. तिसऱ्यात कशावरून तरी अनुमान काढतो. चौथ्यातील 'म्हणे' हा निपात सारा भार अज्ञात तिसऱ्यावर टाकून मोकळा होतो. चांगला दलाल ह्या चार रूपांचा उपयोग काटेकोरपणे करतो, असे माझे निरीक्षण आहे. ज्याला कागद पाहिल्याशिवाय 'आहे' म्हणवत नाही, असा मनुष्य ह्या व्यवसायात टिकतो. ज्याचे प्रत्येक वाक्य 'आहे'ने संपते, त्याच्यापासून सावध राहावे.

अर्थात 'आहे' म्हणण्याचा अधिकार अभ्यासाने मिळवावा लागतो. सातबाराच्या उताऱ्यात 'इतर अधिकार' ह्या सदराखाली कर्जाचा बोजा किंवा कुळाचा हक्क लिहिलेला असतो, तो वाचता आला पाहिजे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास तिच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे माहीत हवे. मालमत्ता पत्रक, फेरफार, भोगवटा प्रमाणपत्र ह्या शब्दांमागील कागद हाताळलेले हवेत. क्षेत्रफळाच्या शब्दांचा घोळ तर प्रसिद्धच आहे. 'बिल्ट-अप', 'सुपर बिल्ट-अप' ह्या शब्दांना ज्याने त्याने हवा तसा अर्थ दिला, आणि जिन्याचा, उद्वाहनाचा वाटाही खोलीच्या मापात मोजला गेला. २०१६ च्या अधिनियमाने चटई क्षेत्राची व्याख्या केली : बाहेरच्या भिंती, सेवा-वाहिन्यांच्या पोकळ्या, स्वतंत्र बाल्कनी व उघडी गच्ची वगळून आणि आतल्या विभाजक भिंती धरून राहणारे वापरायोग्य क्षेत्र. एका शब्दाला निश्चित अर्थ दिल्याने लक्षावधी कुटुंबांच्या व्यवहारावर परिणाम व्हावा, अशी उदाहरणे परिभाषाशास्त्रात फार नाहीत. (मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' हा मात्र वेगळ्याच मापाचा वाचक, त्यामुळे चटई हा शब्द दोन अर्थांच्या ओढाताणीत सापडला आहे. असो.) महाराष्ट्रात स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने २०२३ साली अभिकर्त्यांसाठी प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक केली, हे ह्या दृष्टीने योग्यच झाले.

आता सर्वनामांकडे वळू. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. 'आपण' ऐकणाऱ्यालाही पोटात घेते. दलालाचे आवडते सर्वनाम 'आपण' हेच. गिऱ्हाइकाशी बोलताना तो म्हणतो, "आपण मालकांना थोडे खाली आणू." तासाभराने मालकाला म्हणतो, "आपण पार्टीला थोडे वर चढवू." दोन्ही 'आपण'मध्ये तो स्वतः आहे, समोरचा मात्र बदलला. दोन्हीकडून दलाली घेण्याचा प्रघात असल्याने ही द्विधा स्थिती व्यवसायातच रुजलेली आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ ने अभिकर्त्याकडून कौशल्याची आणि मालकाशी संपर्क ठेवण्यात तत्परतेची अपेक्षा केली (कलमे २१२ व २१४). परंतु एकाच वेळी दोन 'मालक' असणाऱ्याने काय करावे? हितसंबंधाची ही ओढ मोजूनही पाहिलेली आहे. लेव्हिट व सिव्हरसन ह्यांनी २००८ साली इलिनॉय राज्यातील कुक परगण्याच्या परिसरातील जवळजवळ एक लाख घरविक्रींच्या अभ्यासातून दाखविले की, दलालांची स्वतःची घरे इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीला विकली जातात आणि सुमारे साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहतात. दुसऱ्याच्या घरासाठी तेवढा धीर धरण्यात दलालाला लाभ थोडा असतो. म्हणून धीर हा गुण आम्ही केवळ स्वभावाचा मानीत नाही. स्वतःच्या लाभाविरुद्ध तो धरावा लागतो.

शेवटचा मुद्दा अप्रिय आहे, पण आमच्या विद्यार्थ्यांशी त्याचा निकटचा संबंध असल्याने तो टाळता येत नाही. बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला दलालाकडून पहिला प्रश्न बहुधा येतो, तो "आडनाव काय?" त्यामागोमाग "मंडळी शाकाहारी ना?" हे दोन्ही प्रश्न वरवर माहितीचे आहेत, वस्तुतः ते चाळणीचे आहेत. महाराष्ट्रात आडनावावरून जात व धर्म ओळखण्याची सवय समाजाला आहे, आणि नकार कधी जातीच्या नावाने येत नाही. "मालकांचा विचार बदलला", "कालच टोकन घेतले", "गावाहून नातेवाईक येणार आहेत" अशी त्याची ठरलेली वाक्ये आहेत. सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दिल्ली व परिसरातील भाड्याच्या घरांच्या बाजाराचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला, त्यात दलित व मुस्लिम अर्जदारांना असे नकार मिळत असल्याचे आढळले. सहकारी गृहरचना संस्थेने सदस्यत्व एका समाजापुरते ठेवण्याच्या उपविधीला सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्यता दिली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

समाजशास्त्रज्ञ गॉफमन ह्यांनी वक्त्याच्या भूमिकेचे तीन घटक वेगळे केले : शब्द उच्चारणारा, शब्द रचणारा, आणि ज्याची भूमिका त्या शब्दांतून व्यक्त होते तो. दलाल म्हणतो, "माझे काही नाही हो, मालकांचे म्हणणे आहे." म्हणजे आपण केवळ उच्चारणारे, असा त्याचा दावा. परंतु "नातेवाईक येणार आहेत" हे वाक्य मालकाने सांगितलेलेच नसते. ते दलालाने रचलेले असते. पुष्कळदा तर मालकाने काही सांगण्यापूर्वीच, तो काय म्हणेल ह्याच्या अंदाजाने, दलाल चाळणी लावून मोकळा होतो. माझ्या एका विद्यार्थिनीला एकाच आठवड्यात चार घरांचे नातेवाईक गावाहून आले होते. पाचव्या ठिकाणी दलालीणबाईंनी मालकाला तिच्यासमोर दूरध्वनी केला, तिचे पूर्ण नाव सांगितले, ती संशोधन करते, भाडे विद्यावेतनातून वेळेवर देईल, हे सांगितले आणि विचारले, "तुमची काही हरकत असेल तर आत्ता सांगा, ती येथेच बसली आहे." पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग होकार आला. ती त्या घरात प्रबंध पूर्ण होईपर्यंत राहिली. बाईंचा व्यवसाय त्या भागात चांगला चालतो.

येथे दिलेली निरीक्षणे पुणे शहराच्या मध्यवर्ती भागापुरती आणि मुख्यतः भाड्याच्या व्यवहारांपुरती आहेत. नागपूर, कोल्हापूर व पणजी येथील व्यवहारांत 'म्हणे' आणि 'आपण' ह्यांचा उपयोग कसा होतो, हे संभाषणे ध्वनिमुद्रित करूनच ठरविता येईल. पदव्युत्तर वर्गातील ज्यांना हे काम प्रकल्पासाठी घ्यावयाचे असेल, त्यांनी दलाल, मालक व भाडेकरू अशा तिघांचीही लेखी संमती प्रथम घ्यावी. तिघांपैकी एकाची राहिली तर ते ध्वनिमुद्रण वापरता येणार नाही.