ओळ मोडायची कुठे?

गेल्या पावसाळ्यात पीक विम्याच्या तक्रारीचं उत्तर मेलवर आलं आणि भूमजवळ राहणाऱ्या मामांनी फोन माझ्यापुढे धरला. अख्खा परिच्छेद एकाच ओळीत. बोटाने सरकवत सरकवत शेवटाला जावं, तोवर सुरुवात डोक्यातून गेलेली. "कागद असता तर घडी तरी घातली असती बघ," मामा म्हणाले.

मजकूर उघडून पाहिला. शब्दांमधल्या जागा साध्या नव्हत्या. दुसऱ्या फाईलमधून उचलून चिकटवताना न तुटणाऱ्या जागा सोबत आल्या होत्या. डोळ्यांना त्या रिकाम्याच दिसतात, पण संगणकाच्या लेखी तो सबंध परिच्छेद म्हणजे एकच लांबलचक शब्द. मग तो मोडणार कुठे?

मोडी लिहिणारा कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं टांगत जायचा. शब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती. कड आली की ओळ संपली, मग शब्द अर्धा का राहीना. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडली, तेव्हा असा मजकूर लावून वाचणारी माणसं शोधावी लागली. शब्द कुठे संपला, हे तिथे वाचणाऱ्यानेच ठरवायचं.

टाइपरायटरवर हा अधिकार लिहिणाऱ्याकडे गेला. घंटी वाजली की टायपिस्ट दांडी ओढून नवी ओळ धरायचा. संगणकाने ही ओळ ठरावीक मापाची केली. आयबीएमने 1928 मध्ये 80 रकान्यांचं भोकांचं कार्ड आणलं, पुढे पडदेही त्याच मापाचे झाले. मेलच्या 2001 च्या नियमावलीत तेच माप आहे: ओळ शक्यतो 78 अक्षरांच्या आत, आणि 998 च्या पुढे मुळीच नाही. ओळ संपल्याच्या दोन अदृश्य खुणा मिळवा, 80 आणि 1000 होतात.

हा हिशेब इंग्रजी अक्षरांचा. युनिकोडमध्ये मेल जाते तेव्हा देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेतं. जुन्या यंत्रणांतून सुखरूप जावं म्हणून एका पद्धतीत अशा प्रत्येक बाइटची तीन अक्षरं करतात आणि ओळ 76 वर तोडतात. 'धाराशिव' मध्ये सात चिन्हं, म्हणजे 63 अक्षरं; एका ओळीत मावतं. 'उस्मानाबाद' मध्ये दहा, म्हणजे 90, ते तुटतंच. तुटलेल्या जागी बरोबरचं चिन्ह ठेवलेलं असतं, त्यावरून पलीकडचा संगणक तुकडे जोडून घेतो. हे जोडकाम चुकलं की पत्रात चौकोन आणि प्रश्नचिन्हं उगवतात. तुळजापूरमधल्या 'पू'चा उकार ओळीच्या सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटा बसलेला मी पाहिला आहे. ओळ तोडावीच लागली तर दोन अक्षरांच्या मध्ये तोडावी. अक्षराच्या पोटात सुरी घालू नये.

1999 मध्ये आलेला एक तोडगा मला फार आवडतो. पाठवणाऱ्याने ओळ मोडली आणि तिच्या शेवटी एक जागा सोडली, तर वाचणाऱ्याच्या यंत्राने ती ओळ पुढच्या ओळीला जोडावी आणि आपल्या रुंदीत पुन्हा बसवावी. एवढ्याशा रिकाम्या जागेने ओळीचा हक्क वाचणाऱ्याला परत दिला. हा तोडगा सगळीकडे रुजला नाही. आज 600 पिक्सेल रुंदीचा तक्ता पत्रात घट्ट बसवून पाठवतात आणि तो साधारण 360 च्या फोनवर उघडतो. तक्त्याला ठोक आकडा न देता पडद्याइतकं रुंद व्हायला सांगणं हे एका ओळीचं काम आहे. शेतकऱ्याला पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा स्वतःच्या फोनवर उघडून पाहायला हवं.

मामांच्या पत्रातल्या त्या हट्टी जागा काढून मी साध्या घातल्या आणि मजकूर त्यांना परत पाठवला. त्यांनी अक्षर मोठं केलं, ओळी नव्याने बसल्या. अपिलाची मुदत चौथ्या ओळीत होती. अजून नऊ दिवस हातात होते.